फुली आणि चार ठिपके

फेरमोजणीचा आकडा आला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि भिंतीपलीकडच्या तलावात शाळेची पोरं पोहायला शिकत होती. शिट्टी वाजली की तिकडे पोरं पाण्यात पडत आणि इकडे बॅडमिंटनच्या कोर्टावर मतं मोजणाऱ्या बाया दचकून गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेत. नॉर्थ हॅकल जिल्ह्याच्या लोकशाहीला क्लोरीनचा वास येतो, तो यामुळे. कौन्सिलर क्लेमेंट लेगटला अठ्ठावीस वर्षांत तो वास इतका अंगवळणी पडला होता की सुट्टीत कुठल्याही हॉटेलच्या तलावाशी उभा राहिला तरी त्याचा उजवा हात आपोआप हस्तांदोलनाला पुढे व्हायचा. दोन वर्षांपूर्वी पोर्तुगालमध्ये त्याने अशा तऱ्हेने एका पूर्ण जर्मन कुटुंबाचे आभार मानले होते.

निवडणूक निर्णय अधिकारी मिसेस ऑडसन कागद घेऊन आल्या. वर्षातले बाकीचे दिवस त्या कौन्सिलच्या वाहनतळांचं बघत, त्यामुळे कुठलीही बातमी त्या दंडाची पावती दिल्यासारखी देत.

"पाउंडगेट वॉर्ड. फेरमोजणी. लेगट सहाशे चौदा. क्वांट्रिल सहाशे चौदा. स्पर सत्तावन्न."

"सत्तावन्न!" एनॉक स्पर म्हणाला. बाजारातलं सार्वजनिक शौचालय पुन्हा उघडा, एवढ्या एकाच मागणीवर तो तिसऱ्यांदा उभा होता. त्याने दिसेल त्याचा हात हातात घेतला. "मागच्या वेळी एकोणीस होती. लोक जागे होताहेत, क्लेम!"

"जागे नाही होत एनॉक, म्हातारे होताहेत," क्लेमेंटची मोठी बहीण मॉड बाकावरून म्हणाली, आणि थर्मासचं झाकण घट्ट केलं.

मॉडसारखी अवस्था त्या दिवशी हॉलमध्ये दुसऱ्या कुणाच्याच नशिबी आली नसेल. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला पोटची मुलगी, हेस्टर क्वांट्रिल. हेस्टरला तिच्या कागदपत्रांवर सही करणारा निवडणूक प्रतिनिधी मिळेना, म्हणून मॉडने सही केली होती. मग भावाला वाईट वाटू नये म्हणून कोटाच्या डाव्या बाजूला तिने हेस्टरचं हिरवं रिबिनीचं फूल लावलं आणि उजव्या बाजूला क्लेमेंटचं निळं. सकाळी मिसेस ऑडसननी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली, "कायद्यात दाखवा कुठे लिहिलंय ते." मिसेस ऑडसननी शोधलं. नव्हतं.

निळ्या पक्षाचा प्रतिनिधी पिलबीम धावत आला. तो मुख्य कचेरीतून पाठवलेला, चाळिशीचा, सदैव घाम पुसणारा माणूस होता. हॅकलबीत येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि अजून तो गावाचं नाव चुकीचं उच्चारत होता.

"क्लेमेंट, बाकी पस्तीस वॉर्ड लागले. आपले अठरा, त्यांचे सतरा. तुमचा आला की एकोणीस. सबंध जिल्हा तुमच्यावर टांगलाय!"

"टांगण्याआधी फांदी बघायची होती," क्लेमेंट म्हणाला.

"आणि अध्यक्षाची साखळी आहेच की. एकोणीस झाले तर याच महिन्यात अध्यक्षपदाला तुमचं नाव. ठरलंय तसं."

ते क्लेमेंटला सांगायची गरज नव्हती. कौन्सिलच्या जिन्यावर त्याच्या वडिलांचं चित्र होतं. अर्नेस्ट लेगट, बेकर, चोवीस वर्षं पाउंडगेटचा सभासद, दोनदा अध्यक्ष, गळ्यात सोनेरी साखळी. चित्रकाराने साखळीवर इतकी मेहनत घेतली होती की चेहऱ्याला वेळ उरला नव्हता. गेली अठ्ठावीस वर्षं क्लेमेंट त्या चित्राखालून सभागृहात जात होता. दर वेळी दुसऱ्या कुणाची तरी पाळी असायची; कुणी जास्त वर्षांचा, कुणी आजारी, कुणाच्या बायकोने समारंभासाठी आधीच टोपी विकत घेतलेली. यंदा कुणीच उरलं नव्हतं. यंदा त्याची पाळी होती, आणि तो एकोणसत्तर वर्षांचा होता.

"आई," हेस्टर पलीकडून म्हणाली, "मामाला विचार, चहा हवाय का."

"तो तीन फुटांवर बसलाय हेस्टर, बहिरा नाही झालेला."

"तरी विचार."

"क्लेम, तुझी भाची विचारतेय, चहा घेणार का."

"तिला सांग, दोन चमचे साखर."

ईस्टरच्या जेवणापासून हे असंच चाललं होतं. पाउंड मेडोच्या कुरणावर, जिथे दर ऑगस्टला गावचं प्रदर्शन भरायचं, एकशे ऐंशी घरं बांधायची परवानगी समितीत आली आणि क्लेमेंटने पक्षाबरोबर हात वर केला. ईस्टरला पुदिन्याची चटणी वाढता वाढता हेस्टरने विचारलं, मामा, तुला स्वतःला ती घरं हवी आहेत का? क्लेमेंटने अकरा मिनिटं उत्तर दिलं. तरुण कुटुंबं, गटारव्यवस्था, वरून आलेले आकडे, कायद्याने जपलेली वटवाघळं. तो थांबला तेव्हा त्याची बायको बेरिल एवढंच म्हणाली होती, "म्हणजे हो की नाही?" आणि हेस्टरने हातातला चमचा खाली ठेवून सांगितलं होतं की ती त्याच्याविरुद्ध उभी राहतेय.

हेस्टरचं सगळं आयुष्य त्या चमच्यासारखं होतं. मनात आलं की टेबलावर. सहा वर्षांची असताना ती बेकरीत पिठाच्या पिंपावर बसून गिऱ्हाइकांना खरं सांगायची. "मिसेस गॅड, तो पाव कालचा आहे." "ते केक घेऊ नका, मामा त्यांच्यावर शिंकला." तिला गप्प करायला क्लेमेंटने एक युक्ती काढली होती. ती तोंड उघडतेय असं दिसलं की तो म्हणायचा, "हेस्टर, बुटाची नाडी सुटलीय." पोरगी खाली वाकायची आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दाराबाहेर जायचं. पुढे घरात ती खूणच झाली. कुणी नको ते बोलायला निघालं की मॉडसुद्धा म्हणायची, नाडी.

चहा आला. हेस्टरने कप त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडे बघितलं नाही.

"किती साखर?" त्याने विचारलं.

"आई, त्याला सांग, दोन."

"उमेदवारांनी आणि प्रतिनिधींनी टेबलाशी यावं," मिसेस ऑडसन म्हणाल्या. "शंका असलेल्या मतपत्रिका पाहायच्या आहेत. हात लावायचा नाही."

पाच मतपत्रिका होत्या. हिरव्या कापडावर त्यांनी एकेक मांडली, आणि सगळे हात पाठीमागे बांधून वाकले, दागिन्यांच्या दुकानात ऐपत नसलेले लोक वाकतात तसे.

पहिली कोरी होती. बाद. दुसरीवर तिन्ही नावांवर मिळून एकच भली मोठी फुली होती. बाद. तिसरीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "कचऱ्याचा तपकिरी डबा तीन आठवडे भरलेला आहे."

"हे कुणाच्या बाजूने धरायचं?" पिलबीमने विचारलं.

"डब्याच्या," मिसेस ऑडसन म्हणाल्या. "बाद."

चौथ्या मतपत्रिकेवर एनॉक स्परच्या चौकोनात हसरा चेहरा काढला होता. मतदाराचा हेतू स्पष्ट होता, मत ग्राह्य. "अठ्ठावन्न!" एनॉक म्हणाला आणि पुन्हा सगळ्यांचे हात हातात घेतले.

मग त्यांनी पाचवी ठेवली.

हेस्टर क्वांट्रिलच्या चौकोनात फुली होती. नीट, दोन रेघांची, कुठेही रेंगाळलेली नाही. आणि फुलीच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके होते. पेन्सिल टेकवून, किंचित दाबून दिलेले. तीन सरळ, चौथा जरा खाली घसरलेला.

क्लेमेंटने ते पाहिलं, आणि हॉलमधला सगळा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा झाला.

काल सकाळी सात वाजताच तो ती खूण बघून निघाला होता. बेकरीतल्या फळीवर मांस-बटाट्याच्या पाई ओळीने मांडलेल्या, वर कच्च्या पिठाचं झाकण, आणि बेरिल सुरीच्या टोकाने एकेकीवर वाफ जायला फुली मारत चाललेली. शेवटच्या दोन पाईंवर फुलीनंतर तिने सुरी उभी धरून चार ठिपके दिले. एक काल दुपारी खायची, एक आज संध्याकाळची. "घरच्या," ती म्हणाली होती. "उद्या जिंकलास तरी आणि हरलास तरी जेवायला लागेलच."

घरच्या. चार ठिपक्यांचा अर्थ तेवढाच. ती खूण क्लेमेंटच्या आजीने, टॅबिथा लेगटने, लढाईच्या दिवसांत सुरू केली. मांस शिधापत्रिकेवर मिळायचं, गावाला पुरायचं नाही. तेव्हा गिऱ्हाइकांच्या पाईत सगळं मांस जायचं आणि घरच्या पाईत बटाटा. भट्टीतून काढताना घोळ होऊन गिऱ्हाइकाला बटाट्याची जाऊ नये म्हणून ठिपके. लढाई संपली, मांस आलं, आजी गेली, ठिपके राहिले. ठिपक्यांची पाई कधी दुकानाच्या काउंटरवर आली नाही, त्यामुळे हॅकलबीत ती खूण घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. आजीनंतर ते काम क्लेमेंटच्या आईकडे गेलं, आणि गेली एकेचाळीस वर्षं बेरिलकडे होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते होतच नसे. मॉडला बेकिंगचा तिटकारा होता. हेस्टर पाव विकत आणायची, आणि तोही दुसऱ्या दुकानातून. चौथा ठिपका खाली घसरायचा कारण बेरिल जिन्यावरून पडली तेव्हापासून तिचं मनगट शेवटच्या ठिपक्याला दुखायचं.

काल दहा वाजता ती दोघं हातात हात घालून मतदानाला गेली होती. अठ्ठावीस वर्षं जात होती तशीच. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये, एकमेकांशेजारच्या फळ्यांच्या आडोशात. क्लेमेंट स्वतःच्या नावापुढे फुली मारून बाहेर आला आणि वाट बघत राहिला. "एवढा वेळ?" त्याने विचारलं होतं. "तीनच तर नावं." बेरिल म्हणाली होती, "पेन्सिल बोथट होती."

"ही बघा," पिलबीम म्हणत होता. त्याचा आवाज वर चढला. "ही बाद! मतदार ओळखू येईल अशी खूण असेल तर मत बाद. नियमात आहे. कुणी साधा माणूस अशी फुली मारतो का? ही सही आहे सही!"

"नुसती वेगळी खूण असल्याने मत बाद होत नाही, मिस्टर पिलबीम," मिसेस ऑडसन म्हणाल्या. "ती कुणाची आहे हे त्या खुणेवरून ओळखता आलं, तर होतं. तुम्ही ओळखलंत?"

"मी? मी इथला नाही."

"ते आमच्या लक्षात आलंय," मॉड म्हणाली. मग तिने मान खाली घातली, चष्मा नाकावर नीट केला, आणि क्लेमेंटला तिचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. ती एकदा खोकली. बस. मॉडने बहात्तर वर्षांत पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर मत दिलं नाही.

"ही बाद झाली तर दोघांची मतं समान राहतात," मिसेस ऑडसननी सांगितलं. "मग चिठ्ठ्या." आणि त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा काढून वर ठेवला. डबा पाहून एनॉक स्परने टोपी काढली. "ही ग्राह्य धरली तर मिस क्वांट्रिल एका मताने निवडून येतात. म्हणून नीट विचारते आहे."

क्लेमेंट डब्याकडे बघत होता. झाकणावर लंडनच्या पुलाचं चित्र होतं. पाच शब्द पुरे होते. ही माझ्या बायकोची फुली आहे. पाच शब्द, खरे, कायदेशीर. मत बाद, डब्यात दोन चिठ्ठ्या, अर्धीअर्धी शक्यता, आणि महिनाअखेरीला गळ्यात साखळी. त्याने एवढ्या वर्षांत याहून पुष्कळ कमी खऱ्या गोष्टी पुष्कळ कमी फायद्यासाठी सांगितल्या होत्या.

शिवाय राग होताच. तो खोलवरून येत होता. एकेचाळीस वर्षं. हातात हात घालून गेली, हातात हात घालून परत आली, आणि मधल्या चार मिनिटांत, त्या फळीच्या आडोशाला, हे. सबंध जिल्ह्यात कुणीही त्याच्याविरुद्ध फुली मारावी, हक्क होता. त्यातल्या निम्म्या लोकांना तो कारणासकट ओळखत होता. पण मारायचीच होती तर बाईने ठिपके तरी द्यायचे नव्हते.

आणि मग त्याला जाणवलं, की ठिपके तिने दिलेच नव्हते. तिने फक्त फुली मारली होती. ठिपके हाताने दिले होते. फुली संपली की मनगट उचलतं, वळतं, टेकतं, चार वेळा, विचार न करता. पोर्तुगालमध्ये त्याचा हात पुढे झाला होता तसा. तिला माहीतही नव्हतं. ती आत्ता काउंटरमागे उभी असेल, कुणाला तरी पाव कागदात गुंडाळून देत असेल, आणि तिला वाटत असेल की आपलं गुपित आपल्यापाशी आहे.

"मला वाटतं," हेस्टर म्हणाली.

क्लेमेंटने वळून बघितलं. हेस्टरचा चेहरा पांढरा पडला होता. तिनेही ओळखलं होतं; लहानपणी तिने ठिपक्यांची पाई शेकड्यांनी खाल्ली होती. आणि तिची हनुवटी वर आली होती, पिठाच्या पिंपावर बसल्यासारखी. सहा वर्षांची असो वा अडतीस वर्षांची, ती हनुवटी तशीच वर येई. ती खरं सांगणार होती. स्वतःचं निवडून येणं घालवून, मामीचं नाव हॉलभर करून, अगदी प्रामाणिकपणे.

"मिसेस ऑडसन, मला वाटतं मला सांगायला हवं की ही खूण—"

"हेस्टर," क्लेमेंट म्हणाला, "बुटाची नाडी सुटलीय."

ती खाली वाकली. बत्तीस वर्षांची सवय. अर्ध्यावर वाकलेली ती आपल्या पायांकडे बघत राहिली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"मिस्टर लेगट," मिसेस ऑडसन म्हणाल्या. "तुमचा जन्म इथला. इथल्या निम्म्या लोकांचं हस्ताक्षर तुम्हाला माहीत असेल, तक्रारी तुमच्याकडेच येतात. ही खूण तुम्ही ओळखता का?"

अकरा मिनिटांच्या उत्तरांचा अठ्ठावीस वर्षांचा सराव होता त्याला. पाण्याच्या नळापासून वटवाघळांपर्यंत, हो न म्हणता आणि नाही न म्हणता. लोक त्याबद्दल त्याची टिंगल करत, बेरिल सगळ्यात जास्त. ही विद्या कधी कुणाच्या उपयोगी पडली असेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं.

"मिसेस ऑडसन," तो म्हणाला, "मी बेकरचा मुलगा. फुली मारायचे किती प्रकार असतात ते मला विचारा. कुणी घाईत मारतो, कुणी रागात. कुणाचा हात पेन्सिल उचलल्यावरही थोडा वेळ थांबत नाही. माणूस म्हटला की हाताला काही ना काही सवय असतेच. त्यावरून माणूस ओळखायला गेलो तर उद्या या जिल्ह्यात एकही मत शिल्लक राहायचं नाही. प्रश्न एवढाच आहे की ही फुली कुठल्या चौकोनात आहे. ती माझ्या भाचीच्या चौकोनात आहे. मतदाराचं म्हणणं मला तरी स्पष्ट दिसतंय."

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

"नाही."

हे मात्र एका शब्दात आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"क्लेमेंट!" पिलबीम म्हणाला. "अहो, एकोणीस! साखळी! अहो, मी मुख्य कचेरीला काय सांगू?"

"सांगा, फांदी मोडली."

मिसेस ऑडसननी क्लेमेंटकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्या वाहनतळवाल्या होत्या. माणूस काहीतरी लपवतोय हे त्यांना काचेवरच्या पावतीच्या कोनावरून कळायचं. मग त्यांनी मतपत्रिका उचलली, हेस्टरच्या गठ्ठ्यावर ठेवली, आणि बिस्किटांचा डबा पुन्हा टेबलाखाली ढकलला.

निकाल जाहीर झाला. हिरव्या फुलांचे पंधरावीस लोक ओरडले, पलीकडे पोरांची शिट्टी वाजली, एनॉक स्परने आपल्या अठ्ठावन्न मतांवर भाषण केलं. हेस्टर व्यासपीठाकडे जाताना क्लेमेंटपाशी थांबली.

"मामा, ती—"

आईला मध्ये न घालता त्याच्याशी बोललेला, ईस्टरनंतरचा तिचा हा पहिला शब्द होता.

"आधी भाषण कर. थोडक्यात कर. मला कधी जमलं नाही."

"पण तू का—"

"नाडी," मॉड म्हणाली आणि मुलीला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. मग तिने कोटावरचं निळं फूल काढलं, जरा विचार केला, आणि परत लावलं.

सहा वाजता क्लेमेंट घरी पोचला. मे महिन्याचं ऊन अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं. टेबलावर चार ताटल्या होत्या. निकाल लागायच्या कितीतरी आधी मांडलेल्या, हे काट्या-चमच्यांखालच्या इस्त्रीच्या रुमालांवरून कळत होतं.

बेरिल ओव्हनपाशी होती. तिने वळून बघितलं नाही.

"मिसेस गॅड दुकानात सांगून गेली," ती म्हणाली. "एका मताने."

"एका मताने."

"वाईट झालं."

"झालं."

तो कोट काढून बसला. बेरिलने पाई टेबलावर आणून ठेवली. झाकण तपकिरी झालं होतं, फुलीतून वाफ येत होती. चार कोपऱ्यांत चार ठिपके, चौथा जरा खाली.

"एका मताने म्हणजे," बेरिल म्हणाली आणि थांबली. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती. "क्लेम, मला तुला काही सांगायचंय. तुला राग येईल. तुला ती जागा हवी नव्हती रे. कितीतरी वर्षं नव्हती. तुला फक्त सवय होती. हेस्टरला ती हवी आहे. मला वाटलं, एका माणसाने काय फरक पडतो—"

"तू ठिपके अजून देतेस," क्लेमेंट म्हणाला.

"काय?"

"घरच्या पाईवर. अजून देतेस."

"ते काय, सवय. हात फुली मारतो आणि मग आपणच पुढे..."

तिचा हात हवेत होता. दाखवायला तिने तो उचलला होता, बोटांत नसलेली सुरी धरून. एक, दोन, तीन. चौथ्याला हात तिथेच थांबला. ती आपल्याच बोटांकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

पाईतली वाफ सरळ वर जात होती.

"सगळ्यांनी पाहिलं?" तिने विचारलं.

"पिलबीमने पाहिलं. तो म्हणाला, सही आहे."

"मॉडने?"

"मॉड खोकली."

"हेस्टर?"

"सांगायला निघाली होती. मी तिला बुटाची नाडी दाखवली."

बेरिलने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की रडत होती, ते क्लेमेंटला कळलं नाही, आणि बहुधा तिलाही कळलं नसावं.

"आणि तुला विचारलं? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मतदाराचं म्हणणं मला स्पष्ट दिसतंय."

"किती मिनिटं लागली?"

"एक."

तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. "होतंच स्पष्ट," ती म्हणाली. "पण साखळीचं मला वाईट वाटतंय."

"अध्यक्षाला खूप जेवणं असतात," क्लेमेंट म्हणाला. "सगळी गार."

एवढ्यात मागचं दार उघडून मॉड आणि हेस्टर आत आल्या. हेस्टर दारातच उभी राहिली, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी राहावं तशी. बेरिलने तिच्याकडे बघितलं, तिने बेरिलकडे. आणि ज्या पोरीने जन्मात मनातलं काही मनात ठेवलं नव्हतं ती म्हणाली, "छान वास येतोय, मामी," आणि गप्प बसली.

बेरिलने सुरी घेतली, पाईचे चार भाग केले आणि पहिला क्लेमेंटला वाढला. त्याने काटा उचलला, तोच भिंतीवरचा फोन वाजला.

त्या घरात सव्वासहाला फोन वाजायचाच. अठ्ठावीस वर्षं वाजत होता. लोक कामावरून आले, कचऱ्याचा डबा उघडला, की कौन्सिलरची आठवण. क्लेमेंट काटा ठेवून उठला, रिसीव्हर कानाला लावला.

"हो, मिसेस गॅड... नाही, धन्यवाद, ठीक आहे मी... तपकिरी? किती, तीन आठवडे?"

तो थांबला. मग त्याने रिसीव्हर हातभर लांब धरला.

"हेस्टर. तुझा आहे."

"मी काय सांगू तिला?" हेस्टर कुजबुजली.

"काही सांगू नकोस. ऐकून घे. ती तुझ्या आजोबांपर्यंत मागे जाईल, तिथून परत येईल. मग म्हण, चौकशी करते. आणि मग खरंच कर."

हेस्टर भिंतीला टेकून उभी राहिली. "नमस्कार मिसेस गॅड," ती म्हणाली, आणि पुढे बराच वेळ तिला काही म्हणता आलं नाही. मॉडने तिच्या ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली, ऊब राहावी म्हणून.

क्लेमेंट परत येऊन बसला. रुमाल मांडीवर घेतला. पिठाचं झाकण काट्याने फोडलं तेव्हा आतून वाफ त्याच्या चष्म्यावर आली, आणि क्षणभर त्याला काहीच दिसेना. बायकोची पाई गरम असताना कशी लागते, हे तो विसरून गेला होता.

"मीठ बरोबर आहे का?" बेरिलने विचारलं.

"हो," क्लेमेंट म्हणाला.